निर्जन समजून गाठलेल्या वाळवंटी शिखरावर एवढी गर्दी कशी असू शकते?

प्रश्न : कोरडीधार

दक्षिण कॅलिफोर्नियातील अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्कमधून सॅन्टा रोझा पर्वतरांगेची एक लांबलचक धार उत्तरेकडे चढत जाते. तिच्यावर आधी व्हिलेजर पीक (5,756 फूट) आणि त्याच्या पलीकडे रॅबिट पीक (6,640 फूट) ही दोन शिखरे आहेत. एस-22 या रस्त्यालगतच्या वाहनतळापासून निघून व्हिलेजरमार्गे रॅबिटचा माथा गाठून परत येण्याचे अंतर सुमारे 34 किलोमीटर भरते आणि दोन शिखरांमधले चढउतार धरून एकूण चढाई 2,400 मीटरच्या आसपास जाते. या संपूर्ण मार्गावर पाणी नाही, बांधून काढलेली वाट नाही, आणि रॅबिटच्या माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला तेवढेच अंतर पुन्हा तुडवत खाली यावे लागते. अशा ठिकाणी कोण कशाला येईल, याच विचाराने मी आणि माझ्या एका सोबत्याने हे शिखर निवडले होते.

आम्ही जानेवारीतील एका शनिवारी, उजाडण्याच्या बरेच आधी, हेडलॅम्पच्या उजेडात चालायला सुरुवात केली. वाहनतळावर आमच्याखेरीज एकच गाडी उभी होती. कोरड्या ओढ्याचे रुंद पात्र ओलांडून धारेवर चढेपर्यंत आणि पुढे व्हिलेजरपर्यंतही आम्हाला एकही माणूस भेटला नाही. एका बाजूला क्लार्क दरीकडे तुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला दूरवर चमकणारा, समुद्रसपाटीच्याही खाली असलेला सॉल्टन सी जलाशय आणि मध्ये चोया निवडुंग व घायपातींनी भरलेली धार, असा तो प्रवास होता. दुपारच्या सुमारास रॅबिटच्या माथ्यावरील पायन्यन पाइनच्या झाडांत शिरलो, तेव्हा मात्र तिथे पंचवीस-तीस माणसे बसलेली होती. त्यांपैकी बहुतेक एका मोठ्या गटातील होती, आणखी दोन लहान गट वेगळे होते. शिखरावरची नोंदवही हातात यायलाही बराच वेळ थांबावे लागले.

ती सर्व माणसे सौजन्यशील होती आणि त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. मला जाणून घ्यायचे आहे ते असे की, इतक्या आडवळणाच्या आणि कष्टाच्या शिखरावर एकाच दिवशी एवढी माणसे जमण्यामागे काही कारण असते की हा निव्वळ योगायोग होता? वाहनतळ जवळजवळ रिकामा असताना माथा भरलेला कसा? आणि ज्याला वाळवंटी डोंगरातील एकांतच हवा आहे, त्याने निघण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : नकाशावाचक

कोरडीधार, आपल्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. दुर्गम ठिकाणी माणसे कमी जातात हे विधान वर्षाच्या एकूण संख्येपुरते खरे असते, परंतु जी जातात ती वर्षभरात सारखी विखुरलेली नसतात. ठिकाण जितके अवघड, तितके तिथे जाण्यायोग्य दिवस कमी, आणि त्या मोजक्या दिवसांत सगळे जाणारे एकवटतात. त्यामुळे अशी शिखरे एकतर पूर्ण रिकामी सापडतात किंवा आपल्याला सापडले तशी भरलेली. मधली अवस्था फारशी आढळत नाही. हिरव्या, पाणी असलेल्या डोंगरात माणूस मनात येईल तेव्हा जाऊ शकतो, म्हणून तिथली वर्दळ मोठी असली तरी ती पसरलेली असते.

रॅबिटचेच गणित मांडून पाहू. उन्हाळ्यात पायथ्याच्या दरीतले तापमान 40 अंश सेल्सियसच्या वर सहज जाते आणि लागणारे सर्व पाणी पाठीवर न्यावे लागते, त्यामुळे मेपासून सप्टेंबर अखेरपर्यंत या शिखराचा विचारही कोणी करू नये. उरलेल्या काळातही नोव्हेंबर ते मार्च हाच भरवशाचा हंगाम. या पाच महिन्यांत शनिवार-रविवारच्या जोड्या बावीसच्या आसपास येतात. त्यांतून वादळाचे, माथ्यावर बर्फ पडलेले आणि सणांच्या सुट्ट्यांमुळे घरी राहण्याचे आठवडे वजा केले, तर नोकरी करणाऱ्या माणसाच्या हाती फार थोडे दिवस उरतात. जानेवारीतील आणि फेब्रुवारीतील तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्यामुळे तीन दिवसांचा सलग विसावा मिळतो. एवढ्या लांबच्या शिखरासाठी परतीनंतर एक दिवस विश्रांती मिळावी, असे प्रत्येकालाच वाटते, म्हणून हे दोन आठवडे सर्वांत आधी भरतात. आपण जानेवारीतील कोणता शनिवार निवडला होता ते लिहिलेले नाही, पण माझा अंदाज मी सांगायला नको.

दुसरे कारण याद्यांचे आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे. सिएरा क्लब या अमेरिकेतील निसर्ग व गिर्यारोहण संस्थेच्या एंजेलिस शाखेत डेझर्ट पीक्स सेक्शन नावाचा विभाग 1941 पासून आहे. चेस्टर व्हर्स्टीग यांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. हिवाळ्यात सिएरा नेवाडाची उंच शिखरे बर्फाखाली गेली की गिर्यारोहकांनी काय करावे, या प्रश्नाला वाळवंटातील डोंगर हे चांगले उत्तर होते. सदस्यांनी एकेक करून चढायच्या शिखरांची यादी हा विभाग ठेवतो. प्रारंभी मोजकी शिखरे असलेली ती यादी आता शंभराच्या जवळ पोहोचली आहे आणि रॅबिट पीक त्या यादीत आहे. यादीत नाव नसते, तर या धारेवर वर्षानुवर्षे कोणी फिरकले नसते, कारण शेजारच्या कितीतरी सुंदर पण यादीबाह्य शिखरांची तीच स्थिती आहे. यादी पूर्ण करणारा माणूस शिखर सोपे आहे की अवघड हे पाहून ते वगळू शकत नाही. त्याला कधीतरी रॅबिटला यावेच लागते. एकट्याने जाण्यापेक्षा अनुभवी नेत्याबरोबर जावे असे त्याला वाटते, आणि म्हणून अवघड शिखरावर जाहीर झालेल्या मोहिमेत नावे लवकर नोंदवली जातात. काठिण्य हे गर्दी रोखणारे कुंपण आहे अशी आपली समजूत असते, परंतु यादीतील शिखरांच्या बाबतीत तेच काठिण्य लोकांना एकत्र बांधून आणते.

जाता जाता एक गंमत सांगतो. यादीतील शेवटचे शिखर पूर्ण करणाऱ्यासाठी त्याचे सहकारी माथ्यावर छोटा सोहळा करतात, अशी या मंडळींत प्रथा आहे. त्यासाठी बहुधा सोपे शिखर राखून ठेवलेले असते, म्हणजे वयस्कर मित्रांनाही येता येते. तेव्हा एखाद्या किरकोळ, कोणाला ठाऊक नसलेल्या वाळवंटी टेकाडावर पन्नास माणसे दिसली, तर दचकू नये.

रिकाम्या वाहनतळाचा उलगडा सोपा आहे. रॅबिटवर जाण्याचा आपला मार्ग एकमेव नाही. क्लार्क ड्राय लेक या कोरड्या तळ्याच्या बाजूने थेट चढणारी सोंड आहे आणि पूर्वेकडून, कोचेला दरीच्या बाजूनेही लोक येतात. मोठा गट त्यांपैकी एखाद्या वाटेने आला असेल, तर त्यांच्या गाड्या आपल्याला दिसण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय आदल्या दिवशी दुपारी निघून धारेवर मुक्काम करणारेही अनेक असतात. वाळवंटात एका वाहनतळावरून शिखराचा अंदाज बांधता येत नाही.

उरला वेळेचा मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत या अक्षांशावर दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. निवडुंगांतून अंधारात उतरण्याचा भाग शक्य तितका कमी व्हावा म्हणून सर्वजण पहाटे तीन-चारलाच निघतात, सर्वांना अंतरही जवळपास सारखेच कापायचे असते, आणि म्हणून सर्वजण अकरा ते एकच्या दरम्यान माथ्यावर पोहोचतात. धारेवर दिवसभर एकमेकांना न दिसलेली माणसे त्या दोन तासांत एकाच सपाटीवर, एकाच झाडांच्या सावलीत येऊन बसतात.

उत्तर : उंबरठा

वरील विवेचन पटण्यासारखे आहे, तरी एक वेगळी बाजू मांडतो. पाणी नसलेल्या, फोनला संपर्क नसलेल्या धारेवर दुसरी माणसे असणे ही तक्रारीची नव्हे, समाधानाची बाब मानावी. कोणाचा पाय मुरगळला, कोणी वाट चुकला, तर तिथे पंचवीस माणसांपैकी निदान एखाद्याकडे उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याचे उपकरण असते. एकांत हवा असणाऱ्याने त्याची जोखीमही पूर्णपणे स्वीकारलेली असावी, अन्यथा त्या एकांताला फारसा अर्थ नाही. मला स्वतःला माथ्यावर भेटणाऱ्या अनोळखी माणसांशी बोलायला आवडते, कारण तिथे पोहोचलेला माणूस बहुधा सांगण्यासारखे काही जवळ बाळगून असतो.

उत्तर : घसारा

उंबरठा यांच्या म्हणण्यातील संपर्क-उपकरणाचा मुद्दा मान्य आहे, पण गर्दीमुळे सुरक्षितता वाढते हे सरसकट मान्य करता येत नाही. वाळवंटी डोंगरात माणसाला सर्वांत आधी कमी पडते ते पाणी, आणि ते प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने मोजून आणलेले असते. उद्यानांकडून दिवसाला माणशी निदान चार लिटर पाण्याची सूचना दिली जाते. रॅबिटसारख्या लांबच्या चढाईला थंड दिवसातही त्याहून अधिक लागते, आणि मुक्काम करायचा असेल तर सुरुवातीला पाठीवर आठ-दहा किलो नुसते पाणीच असते. माथ्यावर तीस माणसे असली, तरी देण्याजोगे जास्तीचे पाणी कोणाकडेही नसते. आपले संपले तर कोणीतरी देईल या भरवशावर बाटली कमी भरणारा माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यालाही अडचणीत आणतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. या धारेवर चढताना बरेच जण परतीसाठीच्या पाण्याच्या बाटल्या दगडाआड किंवा झुडपाखाली ठेवून जातात, त्यामुळे वरच्या टप्प्यात वजन हलके होते. गर्दीच्या दिवशी अशा ठेवलेल्या बाटल्या अनेक ठिकाणी दिसतात. त्यांना कोणीही, कोणत्याही कारणाने हात लावू नये. ती बाटली सोडून दिलेली आहे असे वाटले तरी ती तशी नसते. तिचा मालक अजून वर आहे आणि त्याने आपल्या परतीचे सारे गणित तिच्यावर बसवलेले आहे. ठेवणाऱ्यानेही नाव आणि तारीख लिहावी, आणि परतताना ती बाटली, रिकामी असो वा भरलेली, खाली न्यावी.

गर्दीचा खरा धोका मला उतरताना वाटतो. चढताना सर्व सोंडा शेवटी एका धारेला आणि धार माथ्याला मिळते, म्हणून चुकायला वाव कमी असतो. उतरताना तीच धार जागोजागी फुटते आणि प्रत्येक फाटा सुरुवातीला योग्यच वाटतो. पुढे चालणारा गट दिसत असेल, तर माणूस नकाशा आणि होकायंत्र खिशात घालून त्यांच्या मागे चालू लागतो. पण ते लोक क्लार्क ड्राय लेककडे उतरणारे असतील आणि आपली गाडी एस-22 वर असेल, तर हे लक्षात येईपर्यंत बरीच उंची उतरून झालेली असते आणि पाणी संपत आलेले असते. अंधार पडल्यावर तर खालच्या उतारावर हलणारे दिवे पाहून त्या दिशेने वळण्याचा मोह फार होतो. माझा नियम असा की, माथ्यावर भेटलेल्या प्रत्येक गटाला ते कोणत्या बाजूने उतरणार हे विचारून घ्यावे, आणि तरीही प्रत्येक फाट्यावर आपला नकाशा स्वतः पाहावा.

खडकाळ, मुरमाड उतारावर एकाखाली एक असे दोन गट असतील, तर वरच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येण्याचा धोकाही असतो. अशा जागी थोडे थांबून खालच्यांना बाजूला होऊ द्यावे. त्यासाठी पाच-दहा मिनिटे गेली तरी बिघडत नाही.

पुन्हा : कोरडीधार

नकाशावाचक यांनी योग्य अंदाज बांधला. तो तीन दिवसांच्या सुट्टीचाच शनिवार होता. मोठ्या गटाच्या नेत्याशी माथ्यावर थोडे बोलणे झाले होते आणि ते क्लार्क ड्राय लेकच्या बाजूने आले होते, हेही आता जुळते. त्यांनी आम्हाला त्या वाटेने एकत्र उतरण्याचे सुचवले होते, परंतु गाडी दुसरीकडे असल्याने आम्ही नकार दिला.

एक पूरक प्रश्न विचारतो. रॅबिटच्या माथ्यावर आणि व्हिलेजरच्या आसपास मुक्कामासाठी साफ केलेल्या बऱ्याच जागा दिसल्या, आणि काही ठिकाणी धारेवर एकाऐवजी तीन-चार समांतर पायवाटा पडलेल्या होत्या. एवढ्या कमी पावसाच्या प्रदेशात ही झीज भरून येते का? आणि अशा दिवशी आपण कसे चालावे, कुठे बसावे, यासंबंधी काही संकेत आहेत का?

उत्तर : ओकोटियो

या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण वाळवंटात गर्दीचा परिणाम माणसांपेक्षा जमिनीवर अधिक काळ टिकतो.

वाळवंटी जमीन निर्जीव दिसते, पण तिच्या पृष्ठभागावर बऱ्याच ठिकाणी सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी मिळून घट्ट धरलेला एक पातळ थर असतो. तो वाऱ्याने माती उडू देत नाही आणि पडलेला थोडाफार पाऊस मुरण्यास मदत करतो. बुटाचा एक दाब त्याला मोडायला पुरेसा असतो, आणि तो पूर्ववत होण्यास वर्षे, कित्येकदा दशके लागतात. इतर काही ठिकाणी बारीक दगडांची फरसबंदी केल्यासारखा पृष्ठभाग असतो; तो तयार होण्यास हजारो वर्षे लागलेली असतात. म्हणून आपण पाहिलेल्या समांतर वाटा आपल्या हयातीत बुजतील अशी आशा धरू नये.

चालण्याचा संकेत परिस्थितीनुसार बदलतो. जिथे पायवाट स्पष्ट पडलेली आहे, तिथे सर्वांनी तिच्यावरूनच एकामागे एक चालावे, समोरून कोणी आले तरी शेजारी नवी वाट पाडू नये, तर खडकावर उभे राहून त्यांना जाऊ द्यावे. जिथे वाट मुळीच नाही, तिथे मोठ्या गटाने एकाच रेषेत न चालता पांगून चालावे, म्हणजे नवी वाट पडत नाही. आणि दोन्ही ठिकाणी ओढ्याची वाळू, उघडा खडक किंवा खडीचा उतार मिळत असेल, तर त्यावरूनच जावे, कारण तिथे पावलाचा मागमूस उरत नाही. मुक्कामासाठी आधीपासून साफ केलेली जागा असेल तर तीच वापरावी आणि ती भरलेली असेल तर थोडे पुढे जावे. नवी जागा साफ करण्यासाठी दगड हलवू नयेत. दिशादर्शक म्हणून दगडांच्या राशी रचण्याचा उत्साहही आवरावा, कारण चुकीच्या सोंडेवरची एक रास पुढच्या अनेकांना चुकवते.

शौचाचा विषय लोक टाळतात, पण गर्दीच्या माथ्यावर तोच सर्वांत निकडीचा असतो. ओलाव्याअभावी वाळवंटात विष्ठेचे विघटन फार मंद होते. चार ते सहा इंच खोल खड्डा करून पुरण्याची पद्धत तुरळक माणसांसाठी ठीक आहे. वाळवंटात खड्डा वनांतल्याहून उथळ ठेवतात, म्हणजे उन्हाची उष्णता आत पोहोचते. परंतु एकाच सपाटीवर एका दिवसात तीस माणसे येत असतील, तर पुरायला जागाच उरत नाही. अशा शिखरांवर मानवी विष्ठा घट्ट करून, बांधून परत आणण्यासाठी मिळणारी पिशवी बरोबर ठेवणे हाच मार्ग आहे. कागद तर कधीच पुरू नये. तो खाली आणावा.

सॅन्टा रोझा रांगेत बिगहॉर्न जातीच्या जंगली मेंढ्या राहतात आणि उद्यानाच्या नावातील बोरेगो हा शब्द त्यांच्यावरूनच आलेला आहे. सॅन्टा रोझा ज्यांत मोडते त्या पेनिन्सुलर रांगांमधल्या या मेंढ्यांना 1998 मध्ये संघीय कायद्यानुसार संकटग्रस्त घोषित करण्यात आले. त्यांना पाणवठ्यावर निर्धास्तपणे येता यावे म्हणून याच उद्यानातील कायोटी कॅन्यन हा भाग दरवर्षी 1 जून ते 30 सप्टेंबर माणसांसाठी बंद ठेवतात. धारेवर त्या दिसल्या, तर आपण थांबावे आणि त्यांना हवे त्या दिशेने जाऊ द्यावे. मोठ्या गटाने दोन्ही बाजूंनी चालत राहून त्यांना मध्ये कोंडणे हे फोटोच्या हौसेपायी वारंवार घडते आणि ते मला अक्षम्य वाटते.

उत्तर : पहाटवारा

दुसऱ्या वाळवंटांतील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील, कारण नकाशावाचक यांनी मांडलेली गर्दीच्या वेळेची संकल्पना तिथे अधिक ठळकपणे दिसते.

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पातील जबल मूसा हे 2,285 मीटर उंचीचे शिखर चारी बाजूंनी ओसाड, तांबूस कातळाने वेढलेले आहे. पायथ्याशी सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळात उभारलेला सेंट कॅथरिन मठ आहे आणि माथ्यावर एक छोटे चर्च व एक मशीद आहे. छायाचित्रांत हे शिखर एकाकी दिसते. प्रत्यक्षात सूर्योदय पाहण्यासाठी किनाऱ्यावरील पर्यटनस्थळांतून लोकांना रात्रीच गाड्यांनी आणतात आणि उंटांच्या वाटेने विजेऱ्यांची रांग पहाटेपर्यंत वर चढत राहते. सूर्य उगवल्यानंतर तासाभरात बहुतेक सर्वजण उतरू लागतात आणि त्यानंतर माथा रिकामा होतो. दुपारी चढून सूर्यास्ताच्या वेळी तिथे असणाऱ्याला वेगळेच शिखर भेटते. याच परिसरातील जबल कातरीना हे इजिप्तचे सर्वोच्च शिखर जबल मूसाहून उंच आहे, परंतु धर्मग्रंथांतील कथेशी जोडलेले नाव मूसाचे असल्याने लोक तिकडेच जातात. म्हणजे तिथेही उंची किंवा दुर्गमता नव्हे, तर नावाचे वजन गर्दी ठरवते; फक्त तिथली यादी गिर्यारोहकांनी केलेली नाही, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाचे. तिथले मूळ रहिवासी असलेल्या अनंगू लोकांच्या दृष्टीने तो पवित्र असल्याने त्यावर चढू नये, असे ते दीर्घकाळ सांगत आले होते. चढाई बंद करण्याचा निर्णय 2017 मध्ये जाहीर झाला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून तो अमलात आला. बंदीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत खडकावर माणसांची रांग लागलेली जगाने पाहिली. एखाद्या वाळवंटी माथ्याविषयी काही जाहीर झाले, बंदी असो, सवलत असो वा बातमी असो, की गर्दीचा काळ आणखी आकुंचित होतो. कॅलिफोर्नियातील व्हाइट माउंटन पीक (14,252 फूट) याचेही असेच आहे. एरवी बंद फाटकापासून बरेच चालावे लागते. उन्हाळ्यातील ज्या दिवशी ते फाटक उघडून गाड्यांना पुढच्या संशोधन केंद्रापर्यंत जाऊ देतात, त्या दिवशी शिखरावर जत्रा असते.

अँझा-बोरेगोपुरते बोलायचे तर 2017 आणि 2019 या वर्षी तिथे रानफुलांचा असाधारण बहर आला होता आणि ते पाहायला एवढे लोक आले की बोरेगो स्प्रिंग्ज या लहानशा गावातले रस्ते तुंबले. फुले पाहणारे लोक रॅबिटवर चढत नाहीत हे खरे, पण अशा वर्षी मार्चमध्ये तिकडे जाणाऱ्याला गाडी लावणेही कठीण होते. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला असेल, तर फेब्रुवारी संपायच्या आत चढाई उरकावी.

उत्तर : नकाशावाचक

कोरडीधार, निघण्यापूर्वी काय पाहावे हा आपला मूळ प्रश्न माझ्याकडून अर्धवट राहिला होता.

पहिले म्हणजे ज्या शिखराची निवड केली आहे ते कोणाच्या यादीत आहे का ते पाहावे, आणि असल्यास त्या विभागाच्या जाहीर मोहिमांचे वेळापत्रक वाचावे. ते कित्येक आठवडे आधी प्रसिद्ध होते. त्या तारखा टाळल्या, सुट्टीचे सोमवार टाळले आणि शक्य असेल तर मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडला, तर रॅबिटसारख्या शिखरावर माणूस भेटण्याची शक्यता फारच कमी होते. पर्यायी मार्गांचे पायथे नकाशावर हेरून ठेवावेत. वेळ असेल तर आदल्या संध्याकाळी तिकडे गाडीने फेरी मारून यावे.

यादीबाहेरच्या शिखरांबद्दल एक सावधगिरीची सूचना. तिथे एकांत नक्की मिळतो, पण इतरांनी लिहून ठेवलेले मार्गवर्णनही मिळत नाही, त्यामुळे उंबरठा यांनी सांगितलेली जोखीम तिथे खरोखरच आपल्या एकट्याच्या अंगावर असते. परतीची अपेक्षित वेळ आणि उतरण्याची बाजू घरी लेखी सांगून ठेवल्याशिवाय अशा डोंगरावर जाऊ नये.

शिखरावरची नोंदवही हातात आली की नुसती स्वतःची सही करून ती पुढे देऊ नये. मागील पाने चाळावीत. कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी, किती माणसांचे गट आले, कोणत्या बाजूने चढले, हे सारे तिथे लोकांच्या हस्ताक्षरात असते, आणि पुढच्या वेळी कधी यावे याचा त्याहून चांगला पुरावा मला तरी ठाऊक नाही. पानांची छायाचित्रे घेतली तर घरी निवांत वाचता येतात. वही भरत आलेली असेल तर उद्यानाच्या किंवा संबंधित विभागाच्या लोकांना कळवावे, ती स्वतः खाली आणू नये. वही ठेवलेला डबा दगडांखाली पूर्वी होता तसाच, झाकण घट्ट लावून ठेवावा, कारण आत पाणी गेले की शाई पसरते. त्यासाठीच जाणते लोक पेनऐवजी शिसपेन्सिल घेऊन जातात.